दोन तास चोवीस मिनिटं

समजा, एका देशातल्या रुग्णालयांमध्ये एका औषधावर असलेल्या रुग्णांचा मुक्काम सरासरी ४.६ दिवस भरला आणि दुसऱ्या औषधावरच्या रुग्णांचा ४.७ दिवस. फरक ०.१ दिवसाचा, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटांचा. प्रत्येक गटात दोनशे रुग्ण असतील, तर या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. रुग्णागणिक मुक्काम बराच कमीजास्त होतो, त्यात एवढं इकडेतिकडे व्हायचंच. आता प्रत्येक गटात दहा लाख रुग्ण घ्या. औषधं तीच, फरकही तोच. मुक्कामाचं प्रमाण विचलन सहा दिवसांच्या आसपास धरलं, तर पी मूल्य इतकं बारीक येतं की दशांश चिन्हापुढे तीसेक शून्यं मांडावी लागतात. शोधनिबंध छापून येतो, बातमी होते, ‘नव्या औषधानं रुग्ण लवकर घरी’ असा मथळाही लागतो.

भारतात विमा नियामकानं मे २०२४ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना डिस्चार्जची अंतिम मंजुरी देण्यासाठी तीन तासांची मुदत घालून दिली आहे. म्हणजे एका कागदावर सही होण्यासाठी जेवढा वेळ नियमातच मान्य आहे, त्याहूनही हा फरक लहान. तरीही गणिताच्या दृष्टीनं तो खराच असतो. खरा असणं आणि उपयोगाचा असणं या दोन गोष्टींमधलं अंतर राष्ट्रीय पातळीवरच्या रुग्णालयीन आकडेवारीत जेवढं वाढतं, तेवढं क्वचितच दुसरीकडे वाढत असेल. म्हणून या आठवड्यात त्याबद्दल.

पी मूल्य सांगतं ते एवढंच: दोन गटांत मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक, म्हणजे ०.०५, ही सोयीची रेघ म्हणून वापरली. ते रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. मोजके वाफे, मोजकी खतं, आणि प्रश्न असा की हे जास्तीचं पीक खतामुळे आलं की जमिनीच्या लहरीमुळे. तिथे योगायोग हाच मुख्य शत्रू होता आणि त्याला अडवण्यासाठी ती रेघ कामाची होती. सत्तर लाख नोंदी हातात असताना योगायोग जवळजवळ हद्दपार झालेला असतो. उरतात ते दुसरे शत्रू, आणि त्यांना पी मूल्य ओळखतही नाही.

सत्तर लाख हा आकडा मनचा नाही. अमेरिकेत ‘नॅशनल इनपेशंट सॅम्पल’ नावाचा साठा १९८८ पासूनच्या नोंदी जपून आहे. सहभागी राज्यांतल्या रुग्णालयांमधल्या डिस्चार्जपैकी सुमारे एक पंचमांश त्यात येतात. वर्षाला जवळपास सत्तर लाख नोंदी. त्यांना भारांक लावले की साऱ्या देशाचे साडेतीन कोटी मुक्काम उभे राहतात. शितावरून भाताची परीक्षा करण्याची एवढी मोठी व्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पण शितं कुठल्या पातेल्यातली हे विसरलं की घोटाळा होतो. एकाच रुग्णालयातले रुग्ण एकमेकांसारखे असतात: तेच डॉक्टर, तीच वस्ती, डिस्चार्ज देण्याची तीच पद्धत. एका पातेल्यातली हजार शितं तपासून हजार घरचा भात चाखला असं म्हणता येत नाही. या समूहांचा हिशेब न धरता गणित केलं, तर अनिश्चितता खोटीच कमी दिसते. त्याहून ढोबळ चूक म्हणजे भारांक लावून फुगवलेले साडेतीन कोटी हेच प्रत्यक्ष तपासलेले रुग्ण समजणं. तसं केलं की प्रमाण त्रुटी निम्म्याहूनही खाली येते आणि नसलेली खात्री कागदावर उमटते.

असं खरोखर होतं का? २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात रोहन खेरा आणि सहकाऱ्यांनी याच साठ्यावर बेतलेले १२० शोधनिबंध तपासले. निवड चिठ्ठ्या टाकून केलेली, निबंध २०१५ आणि २०१६ मधले. साठा वापरण्याचे नियम साठा सांभाळणाऱ्या संस्थेनंच लिहून दिलेले आहेत. त्यातला किमान एक नियम ८५ टक्के निबंधांनी पाळला नव्हता. ६२ टक्क्यांनी दोन किंवा अधिक मोडले होते. नमुन्याची रचना दुर्लक्षून केलेली गणितं त्यात होती. डिस्चार्जची प्रत्येक नोंद म्हणजे वेगळा माणूस असं समजणंही होतं. या साठ्यात माणसाचा माग ठेवलेला नाही. एकच बाई वर्षात चारदा भरती झाली तर ती चार वेळा येऊ शकते, आणि तो चारचा आकडा कोणाला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट वर्षांच्या तुलनेतली. २०१२ साली या साठ्याची रचनाच बदलली. आधी निवडक रुग्णालयांतले सगळे डिस्चार्ज घेतले जात, नंतर सगळ्या रुग्णालयांतले निवडक. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेतल्या आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची आवृत्तीही बदलली. या दोन तारखांवरून कोणी आलेख सरळ ओढत नेला, तर आजार वाढल्याचा किंवा घटल्याचा भास नोंदवहीच्या बदलातूनच तयार होईल. आणि नोंदी लाखांत असल्यामुळे तो भासही ०.०५ च्या रेघेखाली सहज जाईल.

इथवर झालं ते तंत्राचं. मला जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण इंग्लंडचं आहे, कारण तिथे आकडा थेट राजकारणात उतरला. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निक फ्रीमँटल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. २०१३-१४ या वर्षातल्या इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या जवळपास १ कोटी ४८ लाख भरतींचा तो अभ्यास होता. भरतीनंतर तीस दिवसांत दगावलेले रुग्ण सुमारे २ लाख ८१ हजार. बुधवारच्या तुलनेत शनिवारी भरती झालेल्यांचा धोका १० टक्क्यांनी जास्त, रविवारी १५ टक्क्यांनी. शुक्रवार ते सोमवार या दिवसांच्या भरतींमागे वर्षाला सुमारे ११ हजार जास्तीचे मृत्यू, असा हिशेब निघाला. याच निबंधात लेखकांनी बजावलं होतं की हे मृत्यू टाळता आले असते असं मानणं उतावीळपणाचं आणि दिशाभूल करणारं ठरेल.

आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी आकडा उचलला, इशारा सोडून दिला. आठवड्याचे सातही दिवस सेवा हवी आणि त्यासाठी निवासी डॉक्टरांचा करार बदलायला हवा, या मागणीला त्यांनी या आकड्याचा टेकू लावला. ‘बीएमजे’च्या संपादक फिओना गॉडली यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून निबंधाचा विपर्यास होत असल्याचं सांगितलं. पुढे २०१६ मध्ये डॉक्टरांचे संप झाले. एप्रिलमध्ये तर तातडीच्या सेवेतूनही ते बाहेर पडले. मंत्र्यांनी शनिवार-रविवारच्या सेवेकडे लक्ष वेधणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण मृतांचा आकडा हातात घेऊन त्याचं कारण स्वतःच ठरवून टाकणं, ही त्या मृतांच्या घरच्यांशीही केलेली बेपर्वाई होती.

नंतरच्या अभ्यासांनी काय दाखवलं? मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी भरती झालेल्यांपुरतं न पाहता आपत्कालीन विभागात आलेल्या सगळ्यांचा हिशेब घेतला. शनिवार-रविवारी तिथे येणाऱ्यांपैकी कमी लोकांना भरती केलं जातं, आणि जे भरती होतात ते जास्त आजारी असतात. आलेल्या सगळ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पाहिलं तर वाराचा फरक उरला नाही. ऑक्सफर्डमध्ये लिंशिन ली आणि पीटर रॉथवेल यांनी पक्षाघाताच्या नोंदी एकेक करून पडताळल्या. जुन्या पक्षाघाताचे रुग्ण ठरवून, दुसऱ्याच उपचारासाठी भरती झाले, तरी कागदावर त्यांना ताज्या पक्षाघाताचा क्रमांक लागला होता. ठरवून केलेली भरती होते कामाच्या दिवशी, आणि असे रुग्ण सहसा दगावत नाहीत. त्यामुळे कामाचे दिवस उगीचच सुरक्षित दिसत होते. नोंदी दुरुस्त केल्यावर शनिवार-रविवारचा दोष गेला.

लक्षात घ्या, फ्रीमँटल यांच्या निबंधातलं गणित चुकलेलं नव्हतं. फरक योगायोगाचा नव्हता, तो खराच होता. पण तो कशातला फरक होता, हे दीड कोटी नोंदी सांगू शकल्या नाहीत. नोंदी दुप्पट केल्या असत्या, तर तीच चूक दुप्पट ठामपणे सांगता आली असती. एक माणूस मेडिकल रेकॉर्डच्या खोलीत बसून कोणत्या आजाराला कोणता क्रमांक लावतो, यावर हे सगळं उभं असतं, आणि ते तपासायला फायली उघडाव्या लागतात.

मग छोटे फरक सोडूनच द्यायचे का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या सुमारे १५ लाख ८० हजार भरतींचा युसुके त्सुगावा आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. स्त्री डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ११.०७ टक्के, पुरुष डॉक्टरांच्या रुग्णांत ११.४९ टक्के. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. पण या फरकामागे खरोखर उपचारांची पद्धत असेल, तर दर २३३ रुग्णांमागे एक जीव वाचतो, आणि देशभराच्या भरतींना हे लागू केलं तर ते फार मोठं होईल. लेखकांनी एकाच रुग्णालयातल्या डॉक्टरांची आपसांत तुलना केली आणि आपत्कालीन रुग्णांत आपल्याला हवा तो डॉक्टर निवडणं सहसा शक्य नसतं याचा आधार घेतला. मला हा निबंध पटतो तो त्यांच्या या मेहनतीमुळे. पी मूल्याचा त्यात वाटा थोडा. शिवाय मूळ टक्के समोर ठेवलेले असल्यामुळे वाचक स्वतः तोलू शकतो.

आपल्याकडे परिस्थिती उलट्या टोकाची आहे. देशभरच्या डिस्चार्जचा असा साठा आपल्याकडे नाही. आधार आहे तो राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातल्या ७५ व्या फेरीत १,१३,८२३ घरांतल्या ५,५५,११५ माणसांची विचारपूस झाली. बाळंतपणं वगळून वर्षभरात सुमारे २.९ टक्के लोक रुग्णालयात भरती झाले होते. एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५. सातपटीच्या या तफावतीला कुठल्याही कसोटीची वाट पाहावी लागत नाही. पण एखाद्या जिल्ह्यातला एखादा आजार पाहू म्हटलं, तर हाताशी मोजक्याच नोंदी उरतात, आणि तिथे मोठा फरकही योगायोगात हरवून जातो. अशा वेळी ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावणं ही तेवढीच मोठी चूक.

येत्या काळात मात्र आपल्याकडेही नोंदींचा पूर येणार आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना, महाराष्ट्रातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, यांतून भरतींचे दावे साठत आहेत. या दाव्यांवरून उद्या निबंध निघतील, आणि त्यांतलं जवळपास प्रत्येक पी मूल्य सूक्ष्म असेल. त्या साठ्यात योजनेबाहेरचा माणूस नसेल. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात गेलेलाही नसेल. आजाराचं नाव बऱ्याचदा पॅकेजच्या यादीला जुळेल असं पडलेलं असेल, कारण पैसे पॅकेजवर मिळतात. अमुक शस्त्रक्रिया अमुक जिल्ह्यात वाढल्या असं दिसलं, तर आजार वाढला, रुग्णालयं वाढली, की पॅकेजचा दर वाढला, हे आरोग्यमित्राच्या टेबलापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत जाऊन पाहावं लागेल.

म्हणून माझी मागणी दावे खुले होण्याआधीच नोंदवून ठेवतो. संशोधकांना साठा मिळेल तेव्हा सोबत क्रमांकांची नियमावली असावी, पॅकेजच्या दरांत केव्हा काय बदल झाले त्याच्या तारखा असाव्यात, आणि काही रुग्णालयांतल्या मूळ केस पेपरशी पडताळून काढलेलं चुकांचं प्रमाण जाहीर असावं. अमेरिकेत साठा हाती देण्याआधी संशोधकाकडून प्रशिक्षण पूर्ण करून घेतात, तरीही शंभरातले पंच्याऐंशी निबंध चुकले. आपण त्याहून कमी तयारीनं सुरुवात करू नये. वृत्तपत्रांनीही अशी बातमी छापताना दोन्ही गटांचे मूळ टक्के आणि अंदाजाच्या दोन्ही मर्यादा द्याव्यात. त्या निबंधात नसतील, तर लेखकाला फोन करून विचाराव्यात.