सायकलस्वाराला तलावाकाठी थारा हवा

भंडारा हा तलावांचा जिल्हा, असे आपण शाळेत मुलांकडून घोकून घेतो. परंतु त्या तलावांच्या काठाकाठाने कोणी सायकलवरून प्रवास करावा, एखादी रात्र पाळीवर तंबू ठोकून काढावी, हे आपल्याला सुचत नाही. नागपूरचा तरुण एकट्याने दूरच्या सायकलप्रवासाला निघावयाचे ठरवितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लडाखमधील पँगाँगचा निळा काठ असतो. त्याच्या हौसेला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांचा, आणि त्यांच्या काठावर मुक्कामाला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, याचा.

सायकल चालविणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही विशीतील तरुणी २०१८ मध्ये, बरेचसे अंतर एकटीने कापून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. हे पराक्रम असामान्य खरेच. मला अभिप्रेत आहे तो मात्र रजेच्या चार दिवसांत कोणाही कारकुनाला किंवा विद्यार्थिनीला झेपेल असा प्रवास. नागपूरहून पहाटे निघावे, सुमारे साठ किलोमीटरवर भंडारा गाठावे, वैनगंगा ओलांडून साकोलीकडे जावे आणि दुसऱ्या दिवशी नवेगावबांधला पोहोचावे. तेथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला अशी परंपरा आहे. वनखात्याच्या नोकरीत मारुती चितमपल्लींनी पाखरे न्याहाळली तीही येथेच. पुढे इटियाडोहाचे पाणी आहे. आणि वाटेत नाव नकाशात न सापडणारी कितीतरी तळी व बोड्या.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या प्रवासाचे महत्त्व निराळे वाटते. मोटारीतला प्रवासी सकाळी शहरातून डबा घेऊन निघतो आणि रात्री घरी परततो. गावाच्या वाट्याला येतो तो धुरळा आणि रिकाम्या बाटल्या. सायकलस्वार दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच जातो. त्याला दोनदा जेवावे लागते, चारदा चहा लागतो, पंक्चर काढावे लागते आणि रात्र कोठेतरी काढावीच लागते. त्याचा खर्च थोडा. पण तो सगळा वाटेवरच्या टपरीत, खानावळीत, सायकलच्या दुकानात पडतो. ज्या भागातील धान निघाल्यावर माणसे मजुरीसाठी बाहेर पडतात, तेथे हिवाळ्यातले हे थोडे पैसेही मोलाचे आहेत.

मग अडचण कोठे आहे? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला हे उत्तमच झाले. परंतु तलावाची निगा राखणारा एक धनी जाऊन त्याच्या जागी अनेक कचेऱ्या आल्या. पाणी जिल्हा परिषदेचे किंवा पाटबंधारे खात्याचे, मासळी ठेक्याने ढीवरांच्या सहकारी संस्थेची, भोवतालचे रान वनखात्याचे. अशा स्थितीत संध्याकाळी पाळीवर उतरलेल्या एकट्या मुलीने परवानगी मागावी कोणाकडे? सरपंच पोलीस पाटलाकडे बोट दाखवितो, पोलीस पाटील तलाठ्याकडे. तोवर अंधार पडतो. ज्या तलावाला कोणी विचारत नाही, त्यात गाळ साचतो आणि बेशरम माजते.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागातील ढीवर स्त्री-पुरुषांनी ही बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासळी परत आणण्यासाठी कष्ट घेतले. त्यांच्या संस्थेला आणि ग्रामसभेला मिळून पाळीवरची एक जागा मुक्कामासाठी नेमून देण्याचा, आणि त्याचे माफक भाडे घेण्याचा, स्पष्ट अधिकार शासनाने द्यावा. यासाठी विश्रामगृह नको, सिमेंटचे ओटे तर नकोतच. हातपंप, एक शौचालय आणि नोंदवही एवढे पुरे.

अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठचा गोंगाट पाहिलेले वाचक येथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. म्हणून मोटारींना पाळीवर मज्जाव असावा, एका रात्री चार-पाचच तंबूंना परवानगी असावी. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्या बाजूच्या काठावर तंबूचे नावही काढू नये, मुक्काम गावाकडच्या अंगालाच. हिवाळी बदके उथळ पाण्यात चरतात, तेथून जागा दूर हवी. ती कोठे असावी हे पहाटे जाळे टाकणाऱ्या ढीवरांना चांगले ठाऊक असते. जिल्हा परिषदेने प्रथम त्यांना विचारावे आणि येत्या दिवाळीपूर्वी निदान दहा गावांत हा प्रयोग करून पाहावा.