‘निष्क्रिय’ म्हणवली जाणारी पूड

हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोज, म्हणजेच एचपीएमसी किंवा हायप्रोमेलोज, ही पांढरी, गंधहीन पूड आहे. लाकडाच्या लगद्यातले किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंतले सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात मुरवून त्यावर मेथिल क्लोराइड आणि प्रोपिलीन ऑक्साइडची प्रक्रिया केली की ती तयार होते. आतड्यातून ती शोषली जात नाही, त्यामुळे तिची गणना औषधातल्या ‘निष्क्रिय’ घटकांत होते. हे विशेषण दिशाभूल करणारे आहे.

तिचा पाण्याशी व्यवहार साखरेच्या उलटा. ती थंड पाण्यात विरघळते, गरम पाण्यात नाही. पण थेट थंड पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात. म्हणून आधी ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती ढवळून सुटी करतात आणि मग थंड पाणी घालतात. द्रावण निवत जाते तसे पारदर्शक आणि घट्ट होते. तेच पुन्हा तापवले की जेलीसारखे गोठते, निवले की परत द्रवरूप होते.

तिच्या प्रती चार आकड्यांनी ओळखल्या जातात. ‘२९१०’ मधले पहिले दोन आकडे मेथॉक्सी गटाचे सरासरी टक्के सांगतात, पुढचे दोन हायड्रॉक्सिप्रोपॉक्सी गटाचे. दाटपणा मोजतात तो २० अंशांवरच्या दोन टक्के द्रावणाचा. तो ३ पासून १ लाख मिलिपास्कल-सेकंदांपर्यंत मिळतो आणि उपयोग त्यावरच ठरतो.

पातळ प्रतींचा गोळीवर आवरण चढवण्यासाठी आणि दाणे बांधण्यासाठी वापर होतो. कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत ती वंगणाचे काम करते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तिचे दोन टक्के द्रावण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जागा राखते आणि नाजूक पेशींना जपते. तिच्या कॅप्सूल शाकाहारी असतात. शिवाय त्यांत जिलेटिनपेक्षा ओलावा बराच कमी असल्याने ओलाव्याने बिघडणाऱ्या औषधांना त्या सोयीच्या पडतात.

दाट प्रतींचे काम सर्वांत महत्त्वाचे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या अनेक एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळ्यांत औषध या पुडीत मिसळून दाबलेले असते. पोटातल्या पाण्याने गोळीभोवती जेलचा थर तयार होतो. त्यातून औषध तासन्‌तास झिरपत राहते आणि थर बाहेरून हळूहळू झिजतो. कधी औषध निघून गेलेला मऊ सांगाडा शौचात दिसतो. औषध लागू पडले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

अशी गोळी कुटली किंवा चावली की जेलचा बांध फुटतो आणि दिवसभरासाठीचे औषध थोड्या वेळात रक्तात उतरू शकते. काही औषधांच्या बाबतीत हे जिवावर बेतते. गिळायला जड जाते म्हणून ज्येष्ठांना गोळ्या कुटून देण्याची सवय मात्र घरोघरी आहे. म्हणून ‘कुटू नये, चावू नये’ ही सूचना स्ट्रिपवर मराठीत, ठळक अक्षरांत हवी आणि गोळी हातात देताना केमिस्टने ती तोंडीही सांगायला हवी.