ठोसे खाऊन हसवणारा माणूस

जुन्या हॉलिवुडपटांत एक पात्र हमखास भेटते. चपटे नाक, चुरगळलेले कान, जड जीभ आणि दोनदा सांगितल्याखेरीज काही न कळणारे डोके. अंगाने दांडगा, मनाने भोळा. कुठे घंटा वाजली की लढत सुरू झाली असे समजून तो मुठी आवळतो आणि थिएटरात हशा पिकतो. हे पात्र ज्यांनी वर्षानुवर्षे रंगवले, त्यांत मॅक्सी रोझनब्लूमचे नाव वरच्या रांगेत घ्यावे लागेल. त्याला रंगभूषेची फारशी गरज नव्हती. तो खराखुरा जगज्जेता मुष्टियोद्धा होता.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या ज्यू तरुणाने १९३२ साली लाइट हेवीवेट गटाचे निर्विवाद जगज्जेतेपद मिळवले. १९३४च्या नोव्हेंबरात बॉब ओलिनने ते हिरावून घेतले. त्याची शैली मोठी गमतीची. मूठ घट्ट वळून हाणण्याऐवजी तो उघड्या हातमोज्याने चापट्या मारी. त्यावरूनच त्याला 'स्लॅप्सी मॅक्सी' हे नाव पडले. जवळजवळ ३०० लढती तो खेळला, पण प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडून मिळवलेले विजय जेमतेम वीसच्या घरात. बाकी सारे पायांच्या चपळाईवर, ठोसा चुकवण्याच्या कलेवर आणि गुणांवर. रिंगणात इतका चतुर असलेला माणूस पडद्यावर जन्मभर मठ्ठपणा करत राहिला. अभिनय म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

१९३७च्या 'नथिंग सेक्रेड'मध्ये तो दिसला, १९३९ साली त्याने हातमोजे उतरवले आणि पुढची दोन-अडीच दशके सिनेमा, दूरदर्शन व नाइट क्लब यांवर पोट भरले.

मला खटकते ते वेगळेच. ज्या जड जिभेवर लोक हसत, ती गंमत नसून आजार आहे, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितले होते. न्यू जर्सीतील हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच, म्हणजे मॅक्सी जगज्जेता होण्याआधी, मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवार बसणाऱ्या आघातांविषयी शोधनिबंध लिहिला होता. अडखळती चाल, मंदावलेल्या हालचाली, ढासळणारी बुद्धी ही सारी लक्षणे त्यात आहेत. सिनेमावाल्यांनी तीच उचलली आणि त्यांचा विनोद केला. मॅक्सीला मी दोष देणार नाही. पोटासाठी त्याने आपला चेहरा विकला, आणि तो त्याच्या मालकीचा होता. दोष मागणी करणाऱ्यांचा.

हा विनोद एकदाच उलटला. १९५६ साली रॉड सर्लिंगचे 'रिक्वीम फॉर अ हेवीवेट' हे नाटक अमेरिकन दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपित झाले. सर्लिंग स्वतः सैन्यात असताना मुष्टियुद्ध खेळलेला. कामातून गेलेल्या मुष्टियोद्ध्याला त्याचा मॅनेजर सोंग चढवून कुस्तीच्या तमाशात उभा करू पाहतो, अशी ही गोष्ट. नायक जॅक पॅलन्स. एका गुत्त्यात जुने खेळाडू बसून त्याच त्या लढती पुन्हा पुन्हा सांगतात. त्या मंडळींतला एक मॅक्सी होता! तोच चेहरा, तेच शब्द अडखळणे, पण तिथे हसू येत नाही.

आपल्या दारासिंगांची आठवण इथे होणारच. आखाड्यातून ते नायक झाले, आणि १९८७च्या 'रामायण' मालिकेतल्या हनुमानाला तर घराघरांतून हात जोडले गेले. कुस्तीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत, हा फरक लहान नव्हे. शिवाय आपल्या प्रेक्षकाने पैलवानाचे बळ पूजले. तिकडच्या प्रेक्षकाने त्याच्या इजेवर टाळ्या दिल्या.

मॅक्सीची अखेरची वर्षे हालाखीत गेली. पॅजेट हा हाडांचा विकार होताच, जोडीला ठोशांनी झिजलेला मेंदू. पडद्यावर ज्याची नक्कल केली, तेच अडखळणे आता खरे झाले होते. १९७६च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात तो वारला. मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले ते १९९३ साली.