घरचा अनुभव : मोटारीचें छत व हळदीचीं बोटें

जुन्या वाड्यांत दिवाणखान्याच्या तुळयांखालीं कापडाचें छत ताणून बांधीत. तें मळलें कीं उतरावें, धुवावें व पुन्हां चढवावें, एवढेंच काम. आतां वाडे गेले व घरोघरीं मोटारी आल्या. त्यांनाही आंतून कापडाचें छत असतें. परंतु वाड्यांतल्या छताप्रमाणें तें धुवावयास गेल्यास काय होतें, हें आम्हीं स्वतःच्या हातानें अनुभविलें. आमच्या चुकीचा वाचकांस उपयोग व्हावा म्हणून तो प्रसंग येथें सांगतों.

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याचें लग्न झालें. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन चांदवडाहून नाशकास जावयाचें होतें. अंतर सुमारें ६५ किलोमीटर. मोटार आमच्या चिरंजीवांची, कर्जानें घेतलेली, हप्ते अद्याप चालू. हळदीची वाटी मांडीवर घेऊन थोरल्या वहिनी मागें बसल्या होत्या. पिंपळगांव बसवंतच्या अलीकडे गाडी उसळली, वाटी कलंडली, आणि तोल सांवरण्यासाठीं वहिनींनीं भिजला हात वर टेकला. फिकट राखी छतावर पांच पिंवळीं बोटें उमटलीं. चिरंजीव त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत. पण लग्न आटोपल्यावर भर माजघरांत बोलले, आणि मनास लागेल असें बोलले. त्या दिवसापासून वहिनी त्या गाडींत बसेनात. डोळ्यांच्या उपचारासाठीं त्यांना दरमहा नाशकास जावें लागतें. बहात्तराव्या वर्षीं त्या एस. टी. नें एकट्या जाऊं लागल्या.

डाग गेला म्हणजे तंटाही जाईल, असें आम्हांस वाटलें. एके दुपारीं घर निजलेलें पाहून आम्हीं साबणाचें पाणी केलें व फडका भिजवून छत चांगलें घांसलें. पाहतां पाहतां पिंवळीं बोटें तांबडीं झालीं! शिवाय कापडास लव आली व वीतभर भाग सुटून खालीं लोंबूं लागला. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें शेरे मारले. स्वतःस तसा शेरा मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग.

आमचा एक माजी विद्यार्थी गाड्यांच्या गाद्या व छतें करण्याचा धंदा करतो. त्यानें कारण समजावून दिलें. मोटारीचें छत हें नुसतें कापड नव्हे. वर साच्यांत दाबून केलेला कडक पुठ्ठ्यासारखा थर, त्याखालीं पातळ स्पंज, व त्यास चिकटविलेलें विणीचें कापड, अशी त्याची रचना असते. पाणी फार झालें, वाफ लागली, किंवा पेट्रोलसारखें द्रव्य लावलें कीं चिकटण सुटतें. जुन्या गाडींतील स्पंज तर उष्णतेनें आपोआपच भुसभुशीत होतो. तेथें डागाच्या मागें न लागतां छत नवें करून घ्यावें हें बरें.

तांबड्या रंगाचें कोडें मात्र घरांतील बायकांनीं सोडविलें. हळदीस चुना लागला कीं ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत तीच. साबणही चुन्याप्रमाणें क्षारधर्मी. उलट आंबट पदार्थ लागला कीं रंग पुन्हां पिंवळा होतो. म्हणून हळदीच्या डागास साबण लावूं नये.

पुढें ज्या रीतीनें काम केलें ती अशी. सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं करावें : कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. मग स्थालीपुलाकन्यायानें परीक्षा करावी : ऊन अडविण्याच्या झडपेमागें, जेथें दिसणार नाहीं अशा जागीं, द्रव लावून वाळूं द्यावें, कापडाचा रंग उतरला नाहीं तरच पुढें जावें. द्रव छतावर फवारूं नये. तें पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन फडका घट्ट पिळावा. घांसूं नये, टिपावें. कडेकडून मध्याकडे यावें व फडक्याची घडी वारंवार बदलावी. तेलकट हात, चहा वगैरेंच्या डागांस सौम्य साबणाचा केवळ फेस लावावा व दुसऱ्या ओलसर फडक्यानें तो टिपून घ्यावा. एकाच जागीं ओल राहिली तर वाळल्यावर तिची कड उमटते. म्हणून शेवटीं तो सर्व भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत हलकेच पुसून घ्यावा, आणि दारें उघडीं ठेवून वाळवावा. ओल कोंडल्यास बुरशी येते.

कांहीं गोष्टी सर्वथा वर्ज्य समजाव्या. पेट्रोल व रॉकेल लावूं नये. त्यांची वाफ गाडींत कोंडते व एक ठिणगी पुरते. कपड्यांचें ब्लीच वापरूं नये. व्हिनेगरशीं तर तें मुळींच मिसळूं नये, त्यांतून विषारी वायु निघतो. तसेंच पुष्कळ नव्या गाड्यांत दारांच्या वरच्या कडेस, छताआड, हवेच्या पिशव्या घडी करून ठेवलेल्या असतात. अपघाताचे वेळीं त्या फुगून डोकें वांचवितात. म्हणून छताची कड उचकटूं नये व तेथें टाचण्या मारूं नयेत.

आम्हीं एक चमचा पांढरें व्हिनेगर चार चमचे पाण्यांत घालून तांबडीं बोटें टिपलीं. तीं पुन्हां पिंवळीं व बरींच फिकीं झालीं. उरलेलें काम उन्हाचें. हळदीचा रंग उजेडानें उडतो, हें धुण्याच्या दोरीवर कोणीही पाहिलें असेल. पण छतावर ऊन पडणार कसें? आम्हीं दारें उघडून, साधा सपाट आरसा धरून, सकाळचें कोंवळें ऊन वर पाडलें. खोलगट आरसा मात्र घेऊं नये. त्यानें ऊन एकवटून कापड जळण्याचें भय असतें.

चौथ्या दिवशीं चिरंजीवांनीं विचारलें, “बाबा, रोज हें काय चालविलें आहे?” आम्हीं साबणाचा प्रताप कबूल केला. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग कांहीं न बोलतां त्यांनीं आमच्या हातांतून आरसा घेतला, व पुढचे चार दिवस त्यांनींच तो धरला. लोंबलेला भाग आमच्या विद्यार्थ्यानें नीट करून दिला. पैसे आम्हीं दिले, कारण तो दोष वहिनींचा नव्हता, आमचा होता.

करंगळीची एक पुसट खूण अद्याप आहे. ती असतांनाच चिरंजीव वहिनींच्या खोलीच्या उंबऱ्याशीं गेले व म्हणाले, “काकू, मी फार बोललों. उद्यां नाशकास दहाची वेळ आहे, आठाला निघूं.” वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “साडेसातला निघ, गाडी हळू चालव.”

वाचकांस शेवटची सूचना अशी कीं, हळद गाडींतून न्यावयाची असेल तर वाटींत नेऊं नये; घट्ट झांकणाच्या डब्यांत न्यावी.