बिस्किट नको, रोखे द्या



सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून आमच्या खान्देशात एक मागणी वरचेवर कानी येते : पीएफ आणि एनपीएसच्या खात्यातच सोन्याची बिस्किटे ठेवायची सोय करा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेले, जुनी पेन्शन नसलेले शिक्षक-कर्मचारी हे जास्त बोलतात. मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे सोनेतारणाच्या टेबलावर. या मागणीला माझा विरोध आहे, सोन्याला नाही.

‘सोने म्हणजे मेलेला पैसा’ असे सांगत फिरणाऱ्या सल्लागारांनी जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत ठेवी अडकलेल्यांना एकदा भेटावे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. हे कित्येकांना पैसे अडकल्यावर कळले. त्यानंतर कोणी ‘कागदापेक्षा धातू बरा’ म्हणाले, तर त्याला अडाणी ठरवायची माझी हिंमत नाही.

पण धातू अडीअडचणीला कसा वागतो, तेही मी पाहिले आहे. एक निवृत्त एसटी वाहक पत्नीच्या ऑपरेशनसाठी 50 ग्रॅमचे बिस्किट रुमालात बांधून घेऊन आले. पावती होती, शिक्का होता, सोने अस्सल. तरी मला ते परत करावे लागले. नियमाने दागिन्यावर कर्ज मिळते, बँकांनी विकलेल्या खास नाण्यांवरही मर्यादेत मिळते, बिस्किटावर नाही. ‘आप्पा, दागिना असेल तर आणा,’ एवढेच मी म्हणू शकलो. दुपारी ते परत आले, काकूंची पोत घेऊन. जिचे ऑपरेशन, तिच्याच गळ्यातले तारण पडले.

बाकीचा हिशेबही धड नाही. घेताना 3 टक्के जीएसटी जातो, मोडताना सराफ आपला भाव लावतो, मधल्या काळात व्याज शून्य. लॉकर सुरक्षित म्हणावा, तर चोरी झाली किंवा आग लागली तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच. भाडे 2,000 रुपये असेल तर 2 लाख; त्यात आज दोन तोळेही येत नाहीत. अमेरिकेत निवृत्ती खात्यात सोन्याची नाणी-विटा चालतात, हे उदाहरण हमखास दिले जाते. पण तिथेही ते सोने मान्यताप्राप्त संस्थेच्या तिजोरीत राहते. घरच्या कपाटात नेले की पैसे काढले असे धरून कर लागतो. म्हणजे सोने आपले, पण हातात नाहीच. मग वीट कशाला हवी, ग्रॅमची नोंद पुरे.

अशी नोंद आपल्याकडे होती. नोव्हेंबर 2015 मध्ये केंद्राने सार्वभौम सुवर्णरोखे आणले. पहिला रोखा 2,684 रुपये ग्रॅमने विकला; आठ वर्षांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, त्याचे 6,132 रुपये मिळाले. वर दरसाल पावणेतीन टक्के व्याज. घडणावळ नाही, लॉकर नाही, घट नाही. शिवाय रोख्यावर कर्जही मिळे. फेब्रुवारी 2024 नंतर मात्र नवा रोखा निघालेला नाही. कारण सांगतात की भाव चढल्याने सरकारला ते महागात पडले. पडणारच! सोन्याच्या भावाचे वचन देऊन पैसे घेतले आणि तेवढे सोने घेऊन ठेवले नाही, तर दोष रोखे घेणाऱ्याचा कसा? रिझर्व्ह बँक मात्र स्वतः 800 टनांहून अधिक सोने बाळगून आहे.

2025 अखेर एनपीएसला सोन्या-चांदीच्या ईटीएफचे दार किंचित उघडले, ते ठीक. पण ज्याला एनपीएस माहीतच नाही त्या दालमिलच्या हमालाने आणि केळीवाल्या शेतकऱ्याने काय करायचे?

म्हणून साठीपुढच्यांसाठी रोखे पुन्हा काढा, पोस्टात विका, व्याज सहामाही नको, दरमहा द्या, आणि जेवढे विकाल तेवढे सोने खरेदी करून ठेवा. मर्यादाही घाला. 2013 साली 30 हजारांवर असलेला भाव 2015 साली 25 हजारांच्या आसपास उतरला होता. सगळी पुंजी सोन्यात टाकून त्या दोन वर्षांत कोणी निवृत्त झाला असता तर? जळगाव-धुळ्याच्या खासदारांनी हा प्रश्न अर्थसंकल्पाआधी लोकसभेत विचारावा. दागिन्यांच्या दालनांच्या फिती कापायला त्यांना वेळ मिळतोच.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, देवपूर, धुळे