दुरुस्तीनंतर सळईचे काय होते?

पावसाळा सरला की मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांभोवती परांच्या उभ्या राहतात. सुटलेले काँक्रीट तोडायचे, सळया घासून लेप द्यायचा, पॉलिमर मॉर्टर भरायचे, रंग मारायचा आणि अंतिम बिल सादर करायचे. त्यानंतर सळईकडे कोणी पाहत नाही. पुढे भेगा पडतात त्या अनेकदा नव्या मॉर्टरमध्ये नव्हे, तर त्याला खेटून असलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये.

हे निव्वळ निकृष्ट कामाचे लक्षण नव्हे. गंजणारी सळई ॲनोड बनते आणि स्वतः झिजत शेजारच्या सळईला कॅथोड म्हणून जपते. तिथे स्वच्छ, अल्कधर्मी मॉर्टर भरले की हे संरक्षण संपते. शेजारी क्लोराइड आधीच मुरलेले असेल, तर आता तिथे गंज सुरू होतो. निगराणी हवी ती म्हणूनच, आणि पॅचच्या कडेपलीकडे हवी.

हाफ-सेल चाचणीत कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर −३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वाचन आले, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, हा आपला नेहमीचा निकष. दुरुस्त केलेल्या भागात मात्र एकट्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या-नव्या काँक्रीटची रोधकता वेगळी असते, रंगाच्या थराने वाचन बिघडते, पाण्याने भरलेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायूअभावी गंज मंद असूनही विभव फार ऋण दिसते. एपॉक्सी लेपाच्या सळयांवर ही चाचणी विश्वासार्ह नाही. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत विभव किती झपाट्याने बदलते ते पाहा, सोबत रोधकता मोजा. हाफ-सेल गंजाची शक्यता सांगते, वेग नव्हे. वेगासाठी रेषीय ध्रुवीकरण चाचणी लागते: ०.१ मायक्रोॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली गंज नगण्य, १ च्या वर तीव्र.

पहिले वाचन तोडफोडीपूर्वी घ्या, दुसरे मॉर्टर पक्के झाल्यावर. पुढे दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच बिंदूंवर मोजा. ओलावा बदलला की तुलना फसते. सळईला जोडलेली तार दुरुस्तीच्या वेळीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे पुन्हा कव्हर फोडावे लागणार नाही.

सल्लागारांना आमची विनंती आहे: पुढच्या निविदेत दोषदायित्व काळातील या मोजणीची स्वतंत्र बाब लिहा आणि तिचे नकाशे सोसायटीच्या दप्तरात जमा करा. मोजमापाविना दिलेली हमी मालकाला सुरक्षितता देत नाही.