जुनी चित्रवही

चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गदृश्य काढा’ असे सांगितले की, बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून थेट आपल्याकडे धावत येणारी नदी, काठी एक झोपडी आणि नारळाचे झाड. जेथे औषधालाही डोंगर नाही, अशा गावची मुलेही हेच चित्र काढतात. त्यांचे एक वेळ ठीक आहे. नवल वाटते ते कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुलांचे. कारण त्यांच्या दारातून खरे डोंगर दिसतात आणि ते काही असे त्रिकोणी नाहीत!

माथेरानचा माथा पाटासारखा सपाट आहे. नेरळकरांचा सूर्य त्याच्या मागे मावळतो. खोपोलीच्या वर नागफणी फणा उभारून बसली आहे. पेठच्या कोथळीगडाचा सुळका उभ्या करंगळीसारखा दिसतो. चौकजवळच्या इर्शाळगडाच्या सुळक्यात तर आरपार भोक आहे. त्यास नेढे म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा खडक बनला. कठीण थरांचे उभे कडे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. म्हणूनच सह्याद्रीच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात: काळा कडा, मग गवताचा पट्टा, पुन्हा कडा.

आता समजा, सातवीतील एखाद्या मुलीने चौक गावात बसून इर्शाळगडाचे चित्र काढले. पहिले चित्र तिला फार आवडेल. महिन्याभराने ती त्याच जागी पुन्हा बसली, तर तिला त्या आडव्या पायऱ्या दिसू लागतील. आणखी काही दिवसांनी ध्यानात येईल की, दूरचा डोंगर जवळच्या डोंगरापेक्षा फिकट व निळसर दिसतो; मधल्या हवेतून येताना प्रकाश विखुरतो, त्याचा हा परिणाम. आणि नेमके याच सुमारास तिला आपले चित्र मुळीच आवडेनासे होईल.

‘मला चित्रकला जमत नाही,’ असे म्हणून पुष्कळ मुले तुमच्याच वयात वही मिटून टाकतात. माझ्या मते हा निकाल घाईचा आहे. डोळा हाताच्या आधी शिकतो. पूर्वी जे दोष दिसतच नव्हते ते आता दिसू लागतात आणि हात मात्र अजून मागे रेंगाळत असतो. तो मागाहून येतो; पण त्याची वाट पाहावी लागते.

मग आपली प्रगती होत आहे हे ओळखावे कसे? शेजाऱ्याच्या वहीकडे पाहून ते कळत नाही. त्याचा आरंभ निराळा, सराव निराळा. आपल्या राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा होतात. त्या जरूर द्याव्यात. वस्तुचित्राच्या निमित्ताने घागरीचा काठ आणि तांब्याचा गळा निरखून पाहण्याची सवय लागते, हा लाभ लहान नव्हे. परंतु मिळालेली श्रेणी परीक्षेच्या दिवसांतील कामाची असते. वर्षभरात आपण किती वाट चाललो, हे ती सांगत नाही. ते आपली जुनी वही सांगते. आणि तीच आपण रद्दीत घालतो!

जपानचे थोर चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) यांनी सत्तरी ओलांडल्यावर फुजी पर्वताची कितीतरी चित्रे केली. १८३४ साली त्यांनी असे लिहिले की, सत्तर वर्षांच्या वयापूर्वी आपण जे काढले ते जमेस धरण्याजोगे नाही. नव्वदीत आणि शंभरीत कोठे आपले काम चांगले होईल. यातला वृद्धाचा विनय बाजूला ठेवला, तरी एवढे उरतेच की मागचे काम डोळ्यांपुढे होते म्हणून त्यांना ते तोलता आले. आपल्याकडील महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली कोल्हापूरहून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच शिक्षक होऊन १९३१ साली निवृत्त झाले. त्या काळाच्या आठवणींना त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे नाव दिले. एकेचाळीस वर्षे! आणि आपण मात्र तिसऱ्या चित्रालाच कंटाळतो.

जुन्या पानाचे आणखीही एक मोल आहे. इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची आदिवासी वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती गाडली गेली आणि अनेक माणसे दगावली. त्याआधी एखाद्या मुलाने ती वाडी पाहून काढली असेल, तर छपरांच्या रेघा कितीही वाकड्या असोत, तेथे घरे कशी होती आणि झाडे कोठे होती, हे त्या पानावर आजही दिसेल. म्हणून चित्र पूर्ण झाल्यावर पानाच्या कोपऱ्यात दिवस, वेळ आणि जागा लिहावी व वही कोरड्या जागी ठेवावी. कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी फार लवकर धरते.